कॅल्क्युलेटरच्या पोटात काय असते?

(सांगली येथे प्रोग्रामिंग नव्याने शिकणाऱ्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित रूप)

विद्यार्थी मित्रहो, ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रामिंगचा, म्हणजे माहिती आणि तिच्यावरची कामे एकत्र बांधून प्रोग्रॅम लिहिण्याच्या पद्धतीचा, पहिला सराव म्हणून बहुधा कॅल्क्युलेटरच करायला सांगतात आणि तो बहुधा एकाच साच्यात लिहिला जातो: एक क्लास (म्हणजे आराखडा), त्यात बेरीज, वजाबाकी, गुणाकार आणि भागाकार अशा चार मेथड (म्हणजे क्लासच्या आत लिहिलेली फंक्शन्स), आणि प्रत्येक मेथडला दोन संख्या द्यायच्या. असा प्रोग्रॅम उत्तरे बरोबर देतो. पण चार सुटी फंक्शन्स लिहूनही तेच काम झाले असते, मग क्लास कशासाठी केला, याचे उत्तर त्यात सापडत नाही.

ते उत्तर आपल्या मार्केट यार्डात, हळदीचे सौदे झाल्यावर हिशेब करत बसलेल्या अडत्याच्या पेढीवर सापडेल. त्याच्या साध्या कॅल्क्युलेटरवर २, अधिक, ३, गुणिले, ४ आणि बरोबर अशी बटणे ओळीने दाबली, तर २० येतात. शाळेतल्या पदावलीच्या नियमाने मात्र १४ यायला हवेत, आणि सायंटिफिक कॅल्क्युलेटर तेवढेच दाखवतो. साधे यंत्र बिघडलेले नसते. ‘अधिक’ दाबले त्या क्षणी बेरीज होऊच शकत नाही, कारण दुसरी संख्या अजून यायची असते. म्हणून यंत्र २ हा आकडा आणि ‘बेरीज बाकी आहे’ एवढी नोंद जवळ ठेवते. पुढे ‘गुणिले’ दाबताच ती बाकी बेरीज उरकली जाते, पडद्यावर ५ दिसतात आणि बेरजेच्या जागी गुणाकाराची नोंद होते.

तेव्हा पडद्यावरचा आकडा, मागे ठेवलेला आकडा आणि बाकी राहिलेली क्रिया, या तीन गोष्टी क्लासमध्ये हव्यात. पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेत त्या ‘सेल्फ’ला, म्हणजे त्या त्या ऑब्जेक्टला, जोडून ठेवतात. ऑब्जेक्ट म्हणजे क्लासच्या आराखड्यावरून तयार केलेली एकेक वस्तू. त्यामुळे एकाच क्लासपासून दोन पेढ्यांसाठी दोन ऑब्जेक्ट तयार केली, तरी एकीचा आकडा दुसरीच्या हिशेबात मिसळत नाही. क्लास आणि ऑब्जेक्ट या कल्पनांची सुरुवात जिथे झाली, ती सिम्युला ही प्रोग्रामिंग भाषा ओले-योहान डाल आणि क्रिस्टन न्यूगार्ड या नॉर्वेच्या संशोधकांनी १९६०च्या दशकात ऑस्लो येथे घडवली, ती प्रत्यक्ष व्यवहारांची संगणकावर नक्कल करण्यासाठी. आपापली स्थिती सांभाळणारी अनेक ऑब्जेक्ट तिथे लागणारच होती.

व्यापाऱ्यांच्या यंत्रावर ‘जीटी’ (ग्रँड टोटल, म्हणजे एकूण बेरीज) नावाचे बटण असते. प्रत्येक ‘बरोबर’नंतरचे उत्तर त्यात जमा होत जाते. त्यासाठी मूळ क्लासला हात न लावता त्यापासून दुसरा क्लास काढावा आणि ‘बरोबर’ ही एकच मेथड नव्याने लिहावी: आधी मूळ मेथड चालवावी, मग आलेले उत्तर एकूण रकमेत मिळवावे. एका क्लासपासून दुसरा काढण्याच्या या सोयीला इनहेरिटन्स म्हणतात. तिचे यापेक्षा मोठे प्रदर्शन नवशिक्याने मांडू नये, असे माझे मत आहे.

शून्याने भागल्यावर पायथॉन एरर देतो. तो क्लासच्या आतच पकडून पडद्यावर ‘ई’ दाखवावा. पैशांचा प्रश्न अधिक नाजूक आहे. ०.१ आणि ०.२ यांची बेरीज पायथॉनमध्ये ०.३०००००००००००००००४ येते, कारण संगणक संख्या द्विमान पद्धतीत, म्हणजे फक्त ० आणि १ वापरून मांडतो आणि हे अपूर्णांक तीत नेमके मांडता येत नाहीत. यावर पायथॉनमधला ‘डेसिमल’ हा दशमान पद्धतीने संख्या ठेवणारा प्रकार वापरावा. आकडे ऑब्जेक्टच्या आतच ठेवलेले असल्यामुळे हा बदल क्लासपुरता राहतो आणि बटणांच्या कोडला त्याचा पत्ताही लागत नाही. मात्र डेसिमलला ०.१ ही संख्या अवतरणचिन्हांत, म्हणजे मजकूर म्हणून द्यावी. तशीच दिली, तर द्विमानातली चूक तिच्याबरोबर आत येते.