माकडहाडाचं जुनं दुखणं आणि शस्त्रक्रिया

श्रोतेहो, नमस्कार. बाथरूममध्ये पाय घसरतो, माणूस बुडावर आपटतो. मुका मार आहे, बसेल आपोआप, म्हणत महिने जातात. पण खुर्चीवर टेकलं की ठणका लागतो आणि उठताना जोराची कळ येते. ही उठतानाची कळ डॉक्टरांना आवर्जून सांगा.

माकडहाड म्हणजे कण्याच्या टोकाचे तीन ते पाच छोटे मणके. मागे रेलून बसलं की भार त्यावर येतो. पडल्यामुळे तिथला सांधा ढिला झाला, तर बसताना हाड सरकतं. झोपवून काढलेल्या एक्स-रेत मात्र ते जागच्या जागी दिसतं. मग ‘काहीच नाही’ म्हणून रुग्णाची बोळवण होते, आणि हा त्याच्यावर अन्याय आहे. बाजूने दोन एक्स-रे काढायला हवेत: एक उभ्याने, दुसरा दुखेल तसं बसून. दोन्हींत माकडहाडाचा कोन २५ अंशांहून जास्त बदलला किंवा हाड मागे निसटलं, तर दुखण्याचं मूळ सापडलं.

तरी लगेच माकडहाड काढायचं ऑपरेशन नको. मागच्या बाजूला खाच असलेली उशी, गोळ्या, फिजिओथेरपी आणि सांध्यात इंजेक्शन यांनी बहुतेकांना आराम पडतो. किमान सहा महिने हे नेटाने करावं. भुलीच्या इंजेक्शनने तेवढ्यापुरती कळ थांबली, तर दुखणं तिथलंच, याचाही तो पुरावा. कळ कंबरेतून येत असेल, तर माकडहाड काढून उपयोग नाही.

ऑपरेशनमध्ये रुग्णाला पालथं झोपवून नितंबांमधल्या घळीत चार-पाच सेंटिमीटरची उभी चीर देतात. हाडाला अगदी चिकटून मांस सोडवत जावं लागतं, कारण पुढे लगेच गुदाशय असतो. हाड काढल्यावर वरच्या हाडाचं टोक घासून गुळगुळीत करतात. धार राहिली, तर बसताना तीच टोचते.

खरी जोखीम आहे ती जखम चिघळण्याची. शौचाची जागा दोन बोटांवर! म्हणून आधी एनिमा आणि अँटिबायोटिक देतात. घरी आल्यावर कुशीवर झोपा, इसबगोल घेऊन शौचाला कुंथावं लागणार नाही असं बघा, पट्टी भिजली की लगेच बदला. लाली, स्राव किंवा ताप दिसला, तर त्याच दिवशी दाखवा.

आराम सावकाश पडतो. कित्येकांना सहा महिने ते वर्ष लागतं. टाके निघाल्यावर महिनाभरात बसायला त्रास होतोय, एवढ्यावरून ऑपरेशन फसलं असं समजू नका.