भेगेत राहणारा चार ग्रॅमचा शिकारी

मंडळी, मे महिन्यात काळ्या रानाला कशा भेगा पडतात, हे मराठवाड्यातल्या माणसाला सांगायला नको. लहानपणी मी त्या भेगेत तुराटी घालून बघायचो. हातभर तुराटी सहज आत जायची. आजी बांधावरून ओरडायची, "हात घालू नको रे, घोण असती तिथं!" आज ज्या प्राण्याबद्दल बोलायचंय, तो अशाच भेगांत राहतो आणि त्या घोणीच खातो.

त्याचं नाव प्लॅनिगेल. राहतो ऑस्ट्रेलियात. त्यातला सगळ्यात लहान म्हणजे लांबशेपट्या प्लॅनिगेल, वजन साधारण 4 ग्रॅम. आपल्या एक रुपयाच्या नाण्याहून थोडाच जड. पाहणारा त्याला उंदराचं पिल्लू समजेल, फार तर चिचुंद्री म्हणेल. पण तो या दोघांच्याही गोतातला नाही. तो शिशुधान प्राणी आहे, कांगारूसारखा पिशवीवाला. त्याचा खरा भाऊबंद टास्मानियन डेव्हिल, म्हणजे टास्मानिया बेटावरचा पिशवीवाला शिकारी. तो 8 किलोचा धरला, तर एका डेव्हिलच्या वजनात दोन हजार प्लॅनिगेल बसतील!

आता त्याचं डोकं बघा. कुणी बोटाने दाबून चपटं केल्यासारखं, जाडी जेमतेम काही मिलिमीटर. त्याच्या नावाचा अर्थच 'चपटा मुंगूस' असा काहीसा होतो. हे डोकं घडवलंय मातीनं. तिथल्या बार्कली पठारावर आपल्यासारखीच काळी, चिकण माती आहे. पाणी प्यायली की फुगते, वाळली की आकसते आणि फाटते. मातीचे अभ्यासक आपल्या रेगूरला आणि तिथल्या त्या मातीला एकाच गटात घालतात, व्हर्टिसॉल. उघड्या गवताळ माळावर ससाण्यापासून, सापापासून लपायला दुसरं काय आहे? भेग. ज्याचं डोकं भेगेत शिरलं, तो वाचला. डोकं शिरलं की मागचं लवचीक अंग शिरतंच.

1906 साली ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञ ओल्डफील्ड थॉमस यांनी या लांबशेपट्याचं शास्त्रीय वर्णन केलं.

त्याची शिकार पाहण्यासारखी असते. जवळजवळ त्याच्याच लांबीचा नाकतोडा समोर आला, तरी तो मागे सरत नाही. झडप घालतो. नाकतोडा लाथा झाडतो, त्याला अंगावरून फेकून देतो. हा परत चिकटतो आणि डोक्याच्या बाजूला चावत राहतो, पुन्हापुन्हा, धडपड थांबेपर्यंत. एवढ्या धाडसाचं कारण भूक आहे. लहान अंगातून ऊब भराभर निघून जाते, म्हणून सतत खावं लागतं. आणि खायला नसेल तेव्हा? तेव्हा तो शरीराची शेगडीच मंद करतो. पश्चिम न्यू साउथ वेल्समधल्या 'जाइल्सचा प्लॅनिगेल' या दुसऱ्या जातीवर संशोधकांनी हे टिपलंय: थंडीच्या रात्री अंगाचं तापमान 20 अंशांच्याही खाली जातं. सकाळी तो भेगेच्या तोंडाशी येऊन उन्हाला बसतो आणि फुकटच्या उन्हावर अंग तापवून घेतो. आपली म्हातारी माणसं हिवाळ्यात ओट्यावर बसतात, अगदी तसा.

मादीची पिशवी मागच्या बाजूला उघडते. चिंचोळ्या जागेत पुढे सरकताना माती आत जाऊ नये, याला हे सोयीचंच. तिच्यात चार ते आठ पिल्लं, तांदळाच्या दाण्याहूनही लहान, सडाला चिकटलेली.

मला या प्राण्याची काळजी वाटते ती दोन कारणांनी. माणसाने नेलेली मांजरं, आणि गुरांच्या खुरांखाली बुजून जाणाऱ्या भेगा. तिसरं कारणही वाटलं असतं. 1935 मध्ये क्वीन्सलँडच्या उसात किडे खाण्यासाठी केन टोड नावाचे विषारी भेक आणून सोडले, आणि ते खाऊन कितीतरी मोठे शिकारी मेले. पण 'साधा प्लॅनिगेल' नावाच्या जातीच्या पुढ्यात टोडची पिल्लं ठेवली, तेव्हा बहुतेक प्लॅनिगेल एकदा चव घेऊन वाचले आणि पुढच्या वेळी त्यांनी टोडकडे पाठ फिरवली. एवढ्याशा जिवाला एकाच अनुभवात एवढं कळतं!

आणि अजून आपण त्यांना पुरतं मोजलेलंही नाही. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या पिलबारा भागातले प्लॅनिगेल वर्षानुवर्षं जुन्याच जातींच्या नावावर खपत होते. 2023 मध्ये तिथल्या दोन नव्या जाती जाहीर झाल्या. त्यातल्या एकीचं इंग्रजी नाव भेगाळ मातीवरूनच ठेवलंय.