गादीच्या शिवणीत

(दृश्य: पुण्यातली भाड्याची खोली. दोन लोखंडी कॉट, त्यावर कापसाच्या गाद्या.)

जून आला की पुण्यात विद्यार्थ्यांच्या खोल्या भरू लागतात. आधीच्या मुलांनी मागे ठेवलेली कॉट, कुणी स्वस्तात विकलेली गादी, गावाहून आणलेली बॅग. अशा सामानातूनच ढेकूण खोलीत शिरतो. त्याला उडता येत नाही, उडी मारता येत नाही. त्याला इथवर आपणच आणतो.

सकाळी हातावर गांधी दिसल्या की डासांवर संशय जातो. नुसत्या गांधींवरून ढेकूण ओळखणं खरोखरच अवघड आहे. शेजारी शेजारी झोपणाऱ्या दोघांत एक जण रात्रभर खाजवतो, तर दुसऱ्याच्या अंगावर खूणही उठत नाही. काहींना तर गांधी उठायलाच कित्येक दिवस लागतात. तेव्हा अंथरूण तपासा.

(क्लोजअप: गादीची कड, टॉर्चचा तिरका उजेड.)

कडेची शिवण बोटांनी उघडून बघा. तिथे बारीक काळे ठिपके दिसतील. ही ढेकणाची विष्ठा, म्हणजे पचलेलं आपलंच रक्त. ओल्या फडक्याने पुसलं आणि ठिपका शाईसारखा फुटला, तर संशय बळावतो. जवळच फिकट तपकिरी, पोकळ कात सापडते. पिल्लू मोठं होईस्तोवर पाच वेळा कात टाकतं, आणि दर वेळी त्याआधी त्याला रक्त प्यावं लागतं. अंडी पांढरी, जेमतेम 1 मिलिमीटरची, फटीत चिकटवलेली. पूर्ण वाढलेला ढेकूण साधारण 5 मिलिमीटरचा, चपटा, तांबूस. चादरीवर लालसर डाग असेल, तर कूस बदलताना एखादा चिरडला असणार.

गादीला मध्ये मध्ये घातलेले टाके, कॉटचे सांधे, स्क्रूची भोकं, नळ्यांची उघडी तोंडं, उशाजवळचा स्विचबोर्ड, भिंतीवरचं कॅलेंडर, सगळं बघा. ढेकणं फार झाली असतील, तर खोलीत गोडसर, कुबट वास येतो.

पूर्वी खाटेच्या सांध्यांत रॉकेल ओतायचे. आता तसं अजिबात करू नका, आग लागेल.

ढेकणांमुळे माणसांत रोग पसरतो, असं सिद्ध झालेलं नाही. पण झोपेचं खोबरं होतं, खाजवून जखमा होतात. आणि लोक लाजेने गप्प बसतात, याचं फार वाईट वाटतं. अहो, लख्ख घरातही ढेकूण होतात! शेजारच्या खोलीला सांगा, कारण भिंतीच्या फटींतून, वायरच्या पाइपातून ते तिकडेही पोचतात.

(दृश्य: पारदर्शक चिकटपट्टीवर अडकवलेला ढेकूण.)

एखादा सापडला तर असा चिकटपट्टीवर धरून ठेवा आणि पेस्ट कंट्रोलवाल्याला दाखवा. पहिल्या फवारणीतून अंडी वाचू शकतात. त्यामुळे साधारण दोन आठवड्यांनी दुसरी फवारणी करणार का, हे पैसे ठरवतानाच विचारून घ्या.