लेकरं शिकायला गेली, आता सकाळचं काय?

नमस्कार. ताई, काकू, वहिनी, या, बसा. भाऊ, तुम्ही पण बसा जी, हा व्हिडिओ फक्त बायांसाठी नाही.

बारावीचा निकाल लागला, अ‍ॅडमिशन झाली. कोणाचं लेकरू नागपूरला गेलं, कोणाचं अमरावतीला, कोणाची पोरगी नोकरीला थेट पुण्याला. गादी, बादली, जवसाच्या चटणीचा डबा, सगळं पोचवून झालं. आणि आता पहाटे पाचला डोळे टक्क उघडे. उठून करायचं काय? आज त्या सकाळबद्दलच बोलू.

आधीची सकाळ आठवा. अंगणात सडा, गॅसवर एकीकडे चहा, एकीकडे तवा. आंघोळीचं पाणी, वेणी, ‘आई, माझा पास कुठं ठेवला?’ आणि शिकणाऱ्या पोरींसाठीची मानव विकासची निळी बस यायच्या आत पोरगी फाट्यावर उभी पाहिजे. बस चुकली की तालुक्याच्या कॉलेजचा दिवस बुडाला. कितीतरी वर्षं आपलं उठणं आणि रांधणं त्या बसच्या टायमावर चाललं. आपल्याला वाटायचं, आपल्याला लवकर उठायची सवयच आहे. खरं तर कोणीतरी खोळंबलं असतं म्हणून आपण उठत होतो.

हे नीट लक्षात घ्या, कारण पुढचं सगळं यावर आहे. मोबाइलवर सकाळचे सल्ले पुष्कळ मिळतात. कोमट पाणी प्या, प्राणायाम करा, डायरी लिहा. त्यात वाईट काही नाही. पण ही सगळी कामं एकट्यानं करायची. नाही केली तर कोणाचं काही अडत नाही, म्हणून ती चार दिवसांत सुटतात. माझं सांगणं असं आहे की आधी एका माणसासोबत वेळ ठरवा. माणूस घराबाहेरचं पाहिजे. साडेपाच म्हणजे साडेपाच, तिच्या दारात नाही तर मारुतीच्या पारावर. ती उभी राहणार आहे म्हटलं की तुम्ही अंथरुणात लोळत पडत नाही.

कोणासोबत? तुमच्याच आळीत पाहा. ज्या वर्षी तुमचं लेकरू गेलं, त्याच वर्षी आणखी दोन-तीन घरांतली गेली असतील. तिचीही सकाळ तुमच्यासारखीच रिकामी झाली आहे, फक्त ती बोलत नाही. आपण पहिलं जाऊन विचारायचं.

कोणाला विचारायचा संकोच वाटत असेल, तर आपल्याकडे सकाळी एकत्र जमायच्या जागा आधीपासून आहेत. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी सकाळचं सामुदायिक ध्यान आणि संध्याकाळची सामुदायिक प्रार्थना गावोगावी रुजवली. महाराज 1968 मध्ये गेले, पण त्यांच्या मोझरीच्या आश्रमापासून लांबच्या कितीतरी खेड्यांत त्यांच्या गुरुदेव सेवा मंडळाची माणसं आजही पहाटे बसतात. तुमच्या गावात असेल तर सरळ जाऊन मागं बसा. कोजागरीपासून कार्तिक पौर्णिमेपर्यंत काकड आरती असते, तेव्हा तर महिनाभर पहाटे देऊळ भरलेलं असतं. ती आरती संपते त्या दिवशी तिथल्याच एखाद्या बाईला म्हणा, ‘उद्यापासून आपण फाट्यापर्यंत चालू या काय?’

आता चालण्याचं. गावात बाई सकाळी नुसती फिरायला निघाली की लोक विचारतात, ‘काहून, शुगर निघाली काय?’ निघू नये म्हणून चालते, असं सांगायचं. आठ दिवसांत विचारणं बंद होतं. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला आठवड्याला किमान 150 मिनिटं मध्यम व्यायाम सांगते, म्हणजे पाच दिवस अर्धा-अर्धा तास भरभर चाललं तरी झालं. तुम्ही म्हणाल, दिवसभर वावरात राबतो, वरून आणखी चालायचं? तुमचं बरोबर आहे. निंदणाचे दिवस असतील, कापसाची वेचणी असेल, तर पायांना चाल भरपूर झालेली असते. तेव्हा पाठ धरते, कारण दिवसभर वाकून काम असतं. अशा दिवसांत सकाळी फक्त पाठ, खांदे, मान मोकळी करा आणि सखीजवळ दहा मिनिटं उभं राहून बोला. चालायचं ते कामं हलकी असतील तेव्हा.

आणि वर्षभर एकाच वेळेला चिकटू नका, ऋतूप्रमाणे दोघींनी ठरवून ती बदला. जूनच्या सुरवातीला नागपूरकडे सूर्य साडेपाचच्या सुमारास उगवतो, जानेवारीच्या मध्याला सात वाजत आले तरी उगवायचा असतो. मे महिन्यात अकोला-चंद्रपूरकडे पारा 45 च्या वर जातो, तेव्हा आठच्या आत घरी आलंच पाहिजे. थंडीत उशिरा निघालं तरी चालतं. पावसाळ्यात बांधावरून जाऊ नका, डांबरी रस्ता धरा, पायात बूट आणि हातात टॉर्च घ्या, सापाचे दिवस असतात. ताडोबाच्या बाजूची, जंगलाला लागून असलेली गावं असतील तर स्पष्ट उजाडल्याशिवाय घर सोडायचं नाही आणि एकटीनं तर नाहीच. मोहफुलं वेचायला अंधारात जाणाऱ्या बायांवर वाघाचे हल्ले झाले आहेत. व्यायामासाठी तसला धोका पत्करायची गरज नाही.

सकाळचा उजेड डोळ्यांना मिळाला की शरीराचं घड्याळ ताळ्यावर राहतं आणि रात्रीची झोप सुधारते. हे मी मुद्दाम सांगते, कारण लेकरं घर सोडतात साधारण त्याच वयात बायांची पाळी जायला आलेली असते. रात्री तीनला जाग येते, अंगातून गरम वाफा निघतात, घाम येतो. आपण म्हणतो, पोराची आठवण येते म्हणून झोप नाही. आठवण असतेच, पण शरीरही बदलत असतं. दोन्हींचा त्रास एकाच रात्री होतो, म्हणून तो जास्त वाटतो.

(इथं ताटाचा शॉट)

खाण्याबद्दल मात्र मला थोडं सविस्तर बोलायचं आहे. ‘दोघांसाठी काय करायचं?’ हे वाक्य प्रत्येक घरात ऐकू येतं. लेकरू होतं तेव्हा त्याच्या डब्याच्या निमित्तानं ताजी पोळी, ताजी भाजी होत होती आणि तवा उतरवता उतरवता आपल्याही पोटात चार घास जात होते. आता सकाळी चहा आणि दोन टोस्ट, मग अकरापर्यंत काही नाही. पुन्हा चहा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019–21 च्या फेरीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून जास्त बायांमध्ये रक्त कमी आढळलं. त्यात जेवणासोबत चहा घेतला तर अन्नातलं लोह अंगी कमी लागतं. म्हणून चहा आणि नाश्ता वेगळे करा, मधे तासभर जाऊ द्या.

नाश्ता काय, तर घरात आहे तेच. मुगाचं धिरडं, मोड आलेली मटकी, रात्री भिजवलेले शेंगदाणे, चालत असेल तर अंडं. ज्वारीची भाकर आणि वरून लिंबू. संत्र्याचे दिवस असतील तर एक संत्रं सोबत खा, त्यातल्या क जीवनसत्त्वानं लोह चांगलं शोषलं जातं. आपल्या बागेतली चांगली संत्री आपण बाजारात पाठवतो आणि डागी घरात ठेवतो. एक चांगलं स्वतःसाठी काढा. लेकरासाठी डबा भरत होतो तशी ताटली वाढून, खाली बसून खा. ओट्याजवळ उभं राहून नाही.

फोन. सकाळी सातला लेकराला फोन लावू नका. ते होस्टेलवर रात्री एकला झोपलेलं असतं. उचलला नाही की आपला अख्खा दिवस काळजीत जातो. त्याच्याशी बोलून रात्रीची एक वेळ ठरवा, जेवण झाल्यावरची. सकाळ त्या फोनच्या भरवशावर ठेवायची नाही.

भाऊ, आता तुमचं. पोरीला गाडीवर फाट्यापर्यंत सोडणं तुमच्याकडे होतं, तेही गेलं. तुम्ही बोलत नाही, पण चहा घेऊन पारावर जास्त वेळ बसायला लागलात, हे घरच्यांना दिसतं. सकाळचा पहिला चहा तुम्ही करा आणि अंगणात बाजेवर दोघं मिळून प्या. मोबाइल आत राहू द्या. बोलायला विषय सापडणार नाही काही दिवस, कारण इतकी वर्षं विषय लेकराचाच होता. बसत राहा.

आणि अर्धा तास एकाच कामाला द्या, जे तुमचं स्वतःचं आहे. परसबाग म्हणा, शिवण म्हणा, बचत गटाचा हिशेब स्वतः शिकून घेणं म्हणा. लग्नामुळं शिक्षण सुटलेल्या कितीतरी बाया मला भेटतात. नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ 1989 मध्ये अशा लोकांसाठीच सुरू झालं, त्याची विभागीय केंद्रं नागपूरला आणि अमरावतीला आहेत. ज्या टेबलावर पोरीनं बारावीचा अभ्यास केला, तिथं सकाळी आई अभ्यासाला बसली तर मला त्याहून मोठा आनंद नाही.

एक गंभीर गोष्ट. लेकरू गेल्यावर रडू येणं, त्याची खोली झाडताना थांबून जाणं, हे प्रेमाचं आहे, त्याला दाबू नका. पण दोन आठवडे होऊनही झोप नाही, भूक नाही, कशातच मन लागत नाही, किंवा जगून काय करायचं असा विचार येतो, तर सकाळच्या फिरण्यावर भागवू नका. आशाताईला सांगा, डॉक्टरकडे जा. मनाच्या त्रासासाठी टेलिमानसचा 14416 हा सरकारी नंबर फुकट आहे, रात्री-बेरात्री लागतो, मराठीत बोलता येतं. आपल्या जिल्ह्यांनी अशा न बोलण्यापायी खूप माणसं गमावली आहेत. घरातल्या माणसाचं असं दिसलं तर तुम्ही फोन लावा.

दिवाळीनंतर वेचणी जोरात सुरू होईल. दव उतरायच्या आत डबे बांधून निघावं लागेल आणि मी सांगितलेलं बरंचसं मोडेल. नाश्ता वावरात जाईल, अभ्यास राहील, चालणं राहील. राहू द्या. त्या दोन महिन्यांत एकच गोष्ट सोडू नका, ती ठरलेली भेट. दोघींची वावरं एकाच रस्त्यावर असतील तर सोबत निघा. नसतील तर रस्ता फुटतो तिथपर्यंत तरी सोबत जा.