पंचवीस डॉलरची चार व्हाउचर

(दृश्य: घराबाहेरची टपालपेटी. वाणसामानाच्या जाहिरातींच्या गठ्ठ्यातून एक लिफाफा बाहेर येतो.)

सिॲटल, अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यातल्या वॉशिंग्टन राज्यातलं शहर. फेब्रुवारीचा मध्य. शहराची निवडणूक असलेल्या वर्षी या सुमारास मतदारयादीतल्या प्रत्येकाला हा लिफाफा येतो. आत चार व्हाउचर, प्रत्येक २५ डॉलरचं. बँकेत ते वटत नाही, विकायला बंदी आहे. द्यायचं ते फक्त शहराची निवडणूक लढवणाऱ्या उमेदवाराला; तो ते शहराकडे वटवून प्रचारासाठी पैसे घेतो. चारही एकालाच द्या, नाहीतर चौघांत वाटा.

नोव्हेंबर २०१५ मध्ये सिॲटलच्या मतदारांनी ही योजना मंजूर केली. पैसा घरपट्टीतून: वर्षाला ३० लाख डॉलर, दहा वर्षं. सुरुवातीच्या अंदाजाने सर्वसाधारण घरमालकावर सुमारे साडेअकरा डॉलरचा वार्षिक बोजा. पहिली व्हाउचर २०१७ मध्ये वाटली गेली. महापौरपदाला ती लागू झाली २०२१ पासून.

(दृश्य: व्हाउचर अगदी जवळून. पेनाचं टोक सहीच्या रेघेवर.)

वर तुमचं नाव आणि व्हाउचरचा क्रमांक छापलेला. तुम्ही भरायचं ते तीन जागी: उमेदवाराचं नाव, तारीख, सही. मग पोस्टात टाका, ऑनलाइन द्या किंवा दारात आलेल्या कार्यकर्त्याच्या हातात ठेवा. गडबड होते ती सहीत. किंग काउंटीचं, म्हणजे सिॲटल ज्या जिल्ह्यात येतं त्याचं, निवडणूक कार्यालय ही सही मतदारनोंदणीतल्या सहीशी ताडून बघतं. दारात उभ्या उभ्या, गुडघ्यावर कागद धरून केलेली सही जुळत नाही आणि व्हाउचर अडकतं. एकदा दिलेलं व्हाउचर परत मागता येत नाही, मग उमेदवाराबद्दल मत कितीही बदलो.

उमेदवारालाही हे पैसे सहजासहजी मिळत नाहीत. आधी लोकांचा पाठिंबा आहे हे दाखवायचं. प्रभागातून नगरसेवकपदासाठी उभं राहायचं तर किमान १५० जणांची किमान १० डॉलरची वर्गणी आणि तेवढ्याच सह्या. संपूर्ण शहरातून निवडल्या जाणाऱ्या जागेसाठी ४००, महापौरपदासाठी ६००. शिवाय तीन जाहीर वादचर्चांना हजर राहायचं आणि खर्चाची मर्यादा पाळायची. मूळ कायद्यात ती प्रभागासाठी दीड लाख डॉलर होती, महापौरपदासाठी ८ लाख, आणि त्यातली निम्मीच रक्कम प्राथमिक फेरीत वापरायची मुभा. पात्र ठरण्याआधी व्हाउचर गोळा करता येतात, वटवता येत नाहीत. अटी पुऱ्या झाल्याच नाहीत तर हाती राहते रद्दी.

(दृश्य: फळ्यावर खडूने गुणाकार.)

आता हिशेब बघा. व्हाउचर जातात सुमारे पाच लाख लोकांना. प्रत्येकी १०० डॉलर म्हणजे ५ कोटी डॉलर. पहिल्या दहा वर्षांची सगळी घरपट्टी मिळून होतात ३ कोटी. म्हणजे एका वर्षी सगळ्यांनी व्हाउचर वापरली तर तिजोरी त्याच वर्षी रिकामी. तसं होत नाही, कारण बहुतेक लिफाफे रद्दीत जातात. २०१७ मध्ये वापर ४ टक्क्यांच्या आसपास होता. महापौरपदाची चुरस असलेल्या २०२१ मध्येही तो दहा टक्क्यांच्या आतच राहिला. योजनेचे समर्थक वापर वाढावा म्हणतात, पण तो फार वाढला तर निधी कुठून येणार, हा प्रश्न त्यांना टाळता येत नाही.

दुसरी अडचण बाहेरून येते. कंपन्यांनी आणि संघटनांनी उमेदवाराशी संगनमत न करता स्वतंत्रपणे केलेल्या प्रचारखर्चावर मर्यादा घालता येत नाही, हे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये ठरवून टाकलं. मग समोरून पैशांचा लोंढा आल्यावर व्हाउचरवाल्या उमेदवाराने करायचं काय? ॲरिझोना राज्य अशा वेळी उमेदवाराला जादा सरकारी पैसा देत असे. २०११ मध्ये न्यायालयाने तेही रद्द केलं. म्हणून सिॲटलमध्ये जादा पैसा मिळत नाही, उमेदवाराने अर्ज केल्यावर फक्त खर्चाची मर्यादा उठवता येते.

२०१९ मध्ये हे उघड दिसलं. ॲमेझॉनने शहरातल्या व्यापारी संघटनेच्या निवडणूक समितीला सुमारे १५ लाख डॉलर दिले. समितीने पाठिंबा दिलेले बहुतेक उमेदवार हरले. त्यांच्यातल्याच एकाला हरवून पुण्यात जन्मलेल्या नगरसेविका क्षमा सावंत पुन्हा निवडून आल्या. गंमत अशी की सावंत स्वतः योजनेबाहेर होत्या. खर्चाची मर्यादा त्यांना नको होती. व्हाउचर घेतली होती त्यांच्या प्रतिस्पर्ध्याने.

त्याच वर्षी वॉशिंग्टन राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात घरमालकांचा दावाही फेटाळला गेला. आमच्या करातून आम्हाला न पटणाऱ्याचा प्रचार होतो, ही त्यांची तक्रार. ऑगस्ट २०२५ मध्ये मतदारांनी आणखी दहा वर्षांना होकार दिला, वर्षाला ४५ लाख डॉलर.

(दृश्य: ग्रंथालयातलं टेबल, त्यावर कोरा अर्ज.)

मराठी घरांना उपयोगी पडेल असा एक नियम शेवटी. ग्रीन कार्डवर राहणाऱ्याला मत देता येत नाही, पण व्हाउचर देता येतं. मात्र नाव मतदारयादीत नसल्यामुळे लिफाफा आपोआप येत नाही, शहराकडे आधी अर्ज करावा लागतो. नोकरीच्या व्हिसावर असाल तर तीही सोय नाही. आणि घर शेजारच्या रेडमंड किंवा बेलव्ह्यू शहरात असेल तर ग्रीन कार्ड असूनही अर्ज चालत नाही, कारण व्हाउचर सिॲटल शहराच्या हद्दीपुरतंच.