शिदोरी गाईनं बांधायची असते

मंडळी, रावेर-यावलच्या लोकांना टिश्यू कल्चर, म्हणजे प्रयोगशाळेत रोपं वाढवणं, मी काय शिकवणार? केळीच्या जी-नाईन वाणाची रोपं तुमच्या बांधावर ट्रेमधून येतात, एकसारखी उंची, एकाच वेळी घड. म्हणून मघाशी एका भाऊंनी विचारलं, "केळीचं जमतं, मग गाईचं का अडतं?" म्हणजे गाईचं बीजांड काढून प्रयोगशाळेतल्या डिशमध्ये फळवायचं आणि भ्रूण दुसऱ्या गाईत ठेवायचं, ते का अडतं? प्रश्न रास्त आहे. हरियाणातल्या कर्नालला १९९० साली प्रयोगशाळेत फळवलेल्या बीजांडापासून म्हशीचं रेडकू जन्मलं, म्हणजे जमतं तर आहेच. पण केळीची रोपं एकाच मुनव्याची, बुंध्याशी फुटलेल्या एकाच पिल्लाची लेकरं. गाईचं प्रत्येक बीजांड वेगळं.

शंभर बीजांडं डिशमध्ये घातली, तर सातव्या दिवशी तीस-चाळीसच चांगली भ्रूणं हाती लागतात. बरीचशी आठ-सोळा पेशींवर येऊन थबकतात. तोवर भ्रूण आईनं बांधून दिलेल्या शिदोरीवर चालतं. तिथून पुढं त्याला स्वतःची जनुकं कामाला लावावी लागतात. शिदोरी अपुरी असली की प्रवास तिथंच संपतो.

ही शिदोरी प्रयोगशाळेत बांधता येत नाही. बीजांड घडायला महिने लागतात. मे महिन्यात आपल्याकडं पारा पंचेचाळिशीला टेकतो आणि त्याची वसुली भादव्यात होते: हवा गार झालेली असते, गाय चरते आहे, पण बीजांडं अजून कमजोरच. म्हणून सावली, गार पाणी, खनिज मिश्रण हे सगळं भ्रूणाचंच काम समजा. बीजांडं काढण्याआधी ती वाढवणाऱ्या एफएसएच या संप्रेरकाची इंजेक्शनं देतात, तेव्हाही शेवटचं इंजेक्शन झाल्यावर सुमारे दोन दिवस थांबलं तर बीजांडं नीट पिकतात. घाई केली की कच्ची निघतात.

आता डिशची बाजू. भ्रूणं किती होणार हे बहुतांशी बीजांड ठरवतं. ती किती टणक होणार हे डिश ठरवते. एके काळी वाढीच्या द्रावणात वासराच्या रक्ताचं सीरम सढळ हातानं घालत. भ्रूणं भराभर वाढायची, बघणारा खूश! पण ती चरबीनं काळपट व्हायची, गोठवली की मरायची, आणि काही वासरं इतकी मोठी जन्मायची की गाय अडायची. आता सीरम कमी करतात किंवा टाळतात. ऑक्सिजनही हवेतल्या वीस टक्क्यांऐवजी पाच टक्के ठेवतात, कारण गर्भाशयात तो कमीच असतो. इन्क्युबेटर, म्हणजे भ्रूणं उबेत ठेवायची पेटी, तिच्या खोलीत अगरबत्ती, अत्तर, ताजा रंग नको. तो वास हवेतून डिशमध्ये उतरतो. पूजा बाहेर करा.

शेवटी एका ताईंचा प्रश्न: "मग गाय कोणत्या महिन्यात आणू?" बीजांडं द्यायची गाय दिवाळी उलटल्यावर, थंडीत आणा. भ्रूण ठेवायची गाय मात्र उन्हाळ्यातही चालते, कारण उन्हाला सगळ्यात नाजूक असतात ते पहिले दोन-तीन दिवस, आणि ते इन्क्युबेटरमध्येच निघून गेलेले असतात. फक्त तिच्या माजाची तारीख गोठ्याच्या भिंतीवर कोळशानं लिहून ठेवा. सात दिवसांचं भ्रूण माजानंतर सातव्या दिवशीच हवं. एखादा दिवस मागं-पुढं चालतो, तीन दिवस नाही.