कणकुंबी, अथणी आणि लेह

मंडळी, बाहेर पाऊस थांबायचं नाव घेत नाही आणि मी बोलायचंय वाळवंटावर. बेळगावात ऐन जुलैत हा विषय ठेवणाऱ्या संयोजकांना दाद द्यायला हवी!

सुरुवात आपल्याच जिल्ह्यातून करू. मलप्रभा उगम पावते त्या खानापूर तालुक्यातल्या कणकुंबीला वर्षाला हजारो मिलिमीटर पाऊस पडतो. अथणीला सहाशेच्या आतबाहेर. म्हणून खानापुरात भात आणि अथणीकडं शाळू. समुद्रावरून आलेले वारे सह्याद्री चढताना थंड होतात आणि पाणी टाकतात. पलीकडं उतरताना तीच हवा दाबली जाऊन तापते, किलोमीटरमागं जवळजवळ १० अंशांनी. तापत जाणाऱ्या हवेतून पाऊस पडत नाही. अथणी वाळवंट नव्हे, तिकडच्या मंडळींनी रागावू नये. पण सह्याद्रीच्या जागी हिमालय ठेवा. पलीकडं लेह आहे, आणि तिथला वर्षाचा पाऊस जेमतेम १०० मिलिमीटर.

वाळवंट ठरतं ते पाण्यावर, उन्हावर नाही. ढोबळ हिशेब वर्षाला २५० मिलिमीटरच्या आत. त्यामुळं जगातलं सर्वांत मोठं वाळवंट सहारा नसून अंटार्क्टिका आहे. सहाराही ९० लाख चौरस किलोमीटरचं आहे म्हणा. तिथं पावसाला डोंगर आडवा येत नाही. विषुववृत्ताजवळ वर गेलेली हवा कर्कवृत्ताच्या आसपास खाली उतरते. म्हणजे कारण पुन्हा तेच, उतरणारी हवा. आणि चित्रात दिसते ती वाळू सहाराच्या साधारण चौथ्या हिश्शातच आहे. बाकी खडक नि खडी.

उंटाच्या मदारीत पाणी नसतं, चरबी असते, हे तुम्हाला ठाऊक असेल. त्याची खरी करामत वेगळीच. तहानलेला उंट अंगाचं तापमान पहाटे ३४ अंशांपर्यंत उतरू देतो आणि दुपारी ४० पर्यंत चढू देतो. तेवढा घाम वाचतो. आपल्याला एवढा चढउतार झाला तर दवाखाना गाठावा लागेल.

लडाखचा शेतकरी आभाळाकडं बघत नाही, बर्फाकडं बघतो. पण सातू पेरायची वेळ वसंतात, आणि उंचावरच्या हिमनद्या वितळतात उन्हाळा चढल्यावर. हा मधला काळच अवघड. चेवांग नॉर्फेल या इंजिनिअरांनी त्यावर उपाय काढला. हिवाळ्यात वाया जाणारं ओढ्याचं पाणी गावाच्या वरच्या अंगाला, सावलीत अडवून गोठवायचं. ते खालच्या उंचीवर असल्यानं आधी वितळतं. सोनम वांगचुक यांनी पुढं त्याच पाण्याचे शंकूसारखे मनोरे उभे केले, म्हणजे उन्हाला पृष्ठभाग कमी मिळतो आणि बर्फ जास्त दिवस टिकतो.

आलेलं पाणी वाटायला गावाचा माणूस असतो, चुरपोन. कुणाच्या शेतात किती वेळ पाट वळवायचा हे तो ठरवतो. कालव्याच्या पाळीवरून आपल्याकडं जी डोकी फुटतात ती ज्यांनी पाहिलीत, त्यांना या माणसाचं मोल सांगायला नको.

आता पाऊस. कच्च्या विटांची घरं, सपाट मातीची छपरं. कोरड्या मुलखात हे बांधकाम उत्तम. हिवाळ्यात ऊब धरून ठेवतं. पण ५ ऑगस्ट २०१०च्या रात्री लेहला ढगफुटी झाली. डोंगरउतारांवर पाणी धरायला झाडझुडूप नव्हतं, त्यामुळं चिखल-दगडांचा लोंढा थेट वस्तीत शिरला. दोनशेहून अधिक माणसं गेली.